जिराफ की मोनोरेल: आई-बाबांबरोबर ऑरलँडोत पाच दिवस

नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या शिक्षकांचं अधिवेशन असतं. गुरुवार-शुक्रवार शाळांना सुट्टी, आणि निम्मी न्यू जर्सी फ्लोरिडाला निघते. डिस्नेचे नेहमीचे लोक त्या आठवड्याला ‘जर्सी वीक’च म्हणतात. आई-बाबा दिवाळीला आटपाडीहून आमच्याकडे आले होते आणि आमची मुलगी सई सात वर्षांची झाली होती. यंदा जायचं हे ठरलेलंच होतं. अडलं होतं ते हॉटेलावर.

पैसे साठवले होते, त्यामुळे वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या आतलं आणि चांगल्यातलं हॉटेल घ्यायचं होतं. शेवटी दोन नावं उरली. एक पॉलिनेशियन व्हिलेज. हे १ ऑक्टोबर १९७१ ला मॅजिक किंगडम या किल्ल्याच्या पार्कबरोबरच उघडलेलं, तळ्याकाठचं, दारात मोनोरेल. दुसरं अ‍ॅनिमल किंगडम लॉज, २००१ सालचं, जिथे बाल्कनीखाली जिराफ चरतात. पण तिथून मॅजिक किंगडमला जायला फक्त बस, वीस-पंचवीस मिनिटांची. आईचे गुडघे पाहता पॉलिनेशियन. बाबांचा स्वभाव पाहता लॉज. सईला किल्ला जवळ हवा होता. नवरा म्हणाला, “तू ठरव.” मी तीन आठवडे ठरवत होते.

अखेर दोन रात्री इथे, दोन रात्री तिथे असं केलं. ज्यांना एकच हॉटेल निवडायचं आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बुधवार

विमान, टॅक्सी सगळं वेळेवर. लॉजच्या दारातून आत गेल्यावर आई थबकलीच. गवताने शाकारलेलं छत पार चार-पाच मजले वर, ढालींसारखी झुंबरं, मधून एक झुलता पूल. एका बाजूला नायजेरियातल्या इग्बो लोकांचा ‘इजेले’ मुखवटा उभा आहे, दोन पुरुष उंचीपेक्षा मोठा. आई म्हणाली, “आपल्याकडं ताबूत असतात तसं वाटतंय बघ.” मलाही मग तो ताबुतासारखाच दिसायला लागला.

लॉजच्या दोन इमारती आहेत, जांबो हाउस आणि २००९ साली झालेलं किडानी व्हिलेज. आम्ही जांबोत होतो. खोली उजव्या हाताच्या लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला मिळाली. त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही.

आईसाठी बाहेरच्या एका कंपनीकडून बॅटरीवर चालणारी स्कूटर भाड्याने घेतली होती. ती दुपारी तीनला हॉटेलात पोचायची होती. पाच वाजले, सहा वाजले. फोन केला की “रस्त्यात आहे” असं सांगायचे. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर आईने तो व्हरांडा चार वेळा पायी पार केला आणि रात्री गुडघा सुजला. मी तिच्या गुडघ्याला शेक देत होते आणि मला फार अपराधी वाटत होतं.

म्हणून हे आधीच सांगते. ज्येष्ठांना घेऊन लॉजला जात असाल तर खोली लॉबीजवळची मागा. चेक-इनच्या चार-पाच दिवस आधी फोन करा आणि गुडघ्यांचं कारण स्पष्ट सांगा. खात्री कोणी देत नाही, पण विनंतीची नोंद करून घेतात. स्कूटर आदल्या दिवशी संध्याकाळीच कुठे आहे ते विचारा. आणि सव्हाना, म्हणजे प्राणी चरतात ते गवताळ मैदान, दिसणारी खोली घ्यायची तर फार वरचा मजला मागू नका. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून प्राण्यांच्या डोळ्यांतलं पाणीही दिसतं.

रात्रीचं जेवण बोमा नावाच्या बुफेत. आई पक्की शाकाहारी. आरक्षण करताना तसं कळवलं होतं, त्यामुळे एक शेफ बाहेर आले आणि एकेका पातेल्यापाशी थांबून “हे चालेल, हे नाही” असं तिला सांगत गेले. मी भाषांतर करत होते, पण थोड्या वेळाने माझी गरज उरली नाही. आई बोट दाखवायची, ते मान हलवायचे. हमस, कुसकुस, भाज्या, रताळ्या-बटाट्याचा फुफू असं तिचं पोटभर झालं. ‘झीब्रा डोम’ हा तिथला गोड पदार्थ सगळ्यांच्या तोंडी असतो, पण त्यात अमारुला ही मद्ययुक्त साय असते. मुलांना आणि वर्ज्य असणाऱ्यांना देण्याआधी हे लक्षात घ्या. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना जेवणाची आरक्षणं साठ दिवस आधी करता येतात. बोमासाठी तो साठावा दिवस चुकवू नका.

गुरुवार

पहाटे पाचला जाग आली तेव्हा बाल्कनीचं दार उघडं होतं. बाहेर बारा-तेरा डिग्री असेल. बाबा शाल गुंडाळून, कानटोपी घालून खुर्चीत बसले होते. घड्याळं मागच्याच रविवारी तासाने मागे गेली होती, त्यामुळे साडेसहाच्या आत फटफटायला लागलं. आधी धुकं, मग धुक्यात उभ्या रेघा, आणि त्या रेघांचे हळूहळू जिराफ झाले. मी बाबांच्या शेजारी बसले. आम्ही अर्धा तास एक शब्द बोललो नाही.

मग डाव्या बाजूच्या झाडीतून ती गुरं आली.

“आगं, शिंगं बघ की!” बाबा एकदम उभे राहिले.

अंकोले जातीची गुरं ती. अंग तांबडं-तपकिरी, चाल संथ, आणि डोक्यावर कमानीसारखी वर गेलेली जाडजूड शिंगं. माझे बाबा माणदेशातले, खिल्लार जिथली तिथले. आजोबा दर पौषात खरसुंडीच्या यात्रेला बैल घेऊन जायचे आणि लहानपणी बाबाही त्यांच्याबरोबर चालत जायचे. बाबांनी नोकरी पाटबंधारे खात्यात केली, गुरं विकून टाकल्यालाही तीस वर्षं झाली. पण बैल दिसला की ते अजूनही आधी खूर बघतात, मग शिंग, मग वशिंड. त्या सकाळी त्यांनी तेच केलं, तिसऱ्या मजल्यावरून, माझ्या दुर्बिणीने.

सात वाजता ते मला घेऊन खाली गेले. लॉबीच्या मागे खडकांवरून सव्हाना बघायची जागा आहे, अरुशा रॉक. रात्री तिथे शेकोटी असते. आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांतून आलेले तरुण इथे वर्षभर कामाला असतात आणि पाहुण्यांशी गप्पा मारणं हाही त्यांच्या कामाचाच भाग. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली गाव किंवा देश लिहिलेला असतो. त्या सकाळी जो मुलगा उभा होता त्याच्या बिल्ल्यावर बोट्स्वाना होतं. सोयीसाठी त्याला इथे ‘तो मुलगा’ म्हणते.

बाबांनी आपल्या सावकाश, सरकारी इंग्रजीत विचारलं, “ही तुमच्याकडची गुरं?”

तो म्हणाला, “नाही काका, ही युगांडा-रवांडाकडची. आमच्याकडची शिंगं एवढी नसतात. पण गुरं आमच्याही घरी आहेत.” काका हा माझा शब्द. त्याने ‘सर’ म्हटलं होतं, पण ज्या सुरात म्हटलं त्याचं मराठी काकाच होतं.

मग दोघांचं जे सुरू झालं ते मी नुसती ऐकत राहिले. त्याने सांगितलं की हे हॉटेलही ‘क्राल’च्या आकाराचं बांधलंय. क्राल म्हणजे भोवतीने घरं आणि मधे गुरांचा गोठा. बाबा म्हणाले, “म्हणजे वाडगं! मेंढरांचं वाडगं असतं आमच्याकडं.” शब्द त्याला कळणं शक्य नव्हतं, पण हाताने गोल काढून दाखवल्यावर कळला. मधे कुंपण कुठे दिसत नाही, मग जनावरं बाहेर कशी येत नाहीत, हे बाबांनी विचारलंच. खंदक आहेत, गवताच्या चढामागे झाकलेले.

पावसाचा विषय कसा निघाला ते आठवत नाही. त्याने खिशातून एक नोट काढली. त्यांच्या चलनाचं नाव पुला. सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. बराचसा देश कोरडा, कालाहारीने व्यापलेला, म्हणून पैशाचं नावच पाऊस. झेंड्यातला निळा रंगही पाण्याचा. बाबांनी ती नोट दोन्ही हातांत धरली. टेंभू उपसा योजनेवर त्यांची नोकरीतली शेवटची वर्षं गेली. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने वर उचलून आटपाडीपर्यंत आणायचं, आणि ते आलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. ते एवढंच म्हणाले, “बरोबर नाव ठेवलंय.”

दहानंतर आम्ही अ‍ॅनिमल किंगडम पार्कला गेलो. लॉजपासून बसने दहा मिनिटांच्या आत. हे एक पार्क मात्र लॉजला खरंच जवळ आहे. तिथली किलिमांजारो सफारी सुरेख आहे, उघड्या ट्रकमधून वीसेक मिनिटं. पण सईसुद्धा म्हणाली, “हे तर आपल्या घरी पण आहेत.” दोन दिवसांत लॉज तिचं घर झालं होतं.

स्कूटर आल्यावर आई खुलली. संध्याकाळी जांबोतून किडानीला जाणाऱ्या वाटेने निघालो, ती पुढे आणि आम्ही मागे. चालत दहा मिनिटांचं अंतर. तिथे सना नावाचं रेस्तराँ आहे, खिडक्यांबाहेर झेब्रे, आणि ताटात आफ्रिका आणि भारत दोन्ही. हिंदी महासागरावरून चाललेल्या व्यापाराने जी चव दोन्ही किनाऱ्यांवर नेली, तीच इथे आहे. ‘ब्रेड सर्व्हिस’ मागवा. नान, पराठा, कुलचा अशा पोळ्या-रोट्या आणि त्याबरोबर नऊ वाट्या: काकडीची कोशिंबीर म्हणता येईल असं रायतं, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची, आंब्याची, लसणाचं लोणचं, आणखी काय काय. आईने लसणाचं लोणचं बोटावर घेऊन चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाली, “आणखी दोन दिवस मुरायला हवं होतं. पण हात चांगला आहे.” तिच्याकडून एवढी शाबासकी आमच्या घरात फारशी कुणाला मिळत नाही. नऊच्या नऊ वाट्या मागवा, तीन-चारवर भागवू नका. चौघांना हे जवळजवळ पूर्ण जेवण होतं.

शुक्रवार

हॉटेल बदलण्याचा दिवस. याची धास्ती होती, पण अगदी सोपं निघालं. सकाळी सामान बेल सर्व्हिसेसकडे दिलं, ते परस्पर पॉलिनेशियनला पोचतं, वेगळे पैसे नाहीत. औषधं, स्वेटर आणि मुलांचे कपडे मात्र हातातल्या पिशवीत ठेवा, कारण सामान दुपार टळल्यावर मिळतं.

बसने मॅजिक किंगडमला गेलो. हॉटेलातल्या पाहुण्यांना पार्कमध्ये अर्धा तास आधी सोडतात. लॉजमधून त्याचा फायदा घ्यायचा तर सव्वासातच्या सुमारास बस थांब्यावर उभं राहायला हवं, आणि दोन म्हातारी माणसं व एक मूल तयार करून ते काही आम्हाला जमलं नाही. पॉलिनेशियनमधून ते सहज जमतं. लायटनिंग लेन, म्हणजे राइडची लांब रांग टाळणारी पैशाची रांग, विकत घेणार असाल तर हॉटेलातल्यांना सात दिवस आधी आरक्षण करता येतं, बाहेरच्यांना तीन. या फरकाचा आम्हाला खरा उपयोग झाला.

पार्कबद्दल मी फार लिहीत नाही, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. एकच सांगते. नोव्हेंबरमध्ये काही संध्याकाळी नाताळची स्वतंत्र तिकिटाची पार्टी असते आणि त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना सहाला बाहेर पडावं लागतं. आमचा शुक्रवार तसाच होता. तारखा आधी बघा. गर्दी मात्र अशा दिवशी कमी असते, आणि आईला ते मानवलं.

सहाला बाहेर आलो आणि धक्क्यावरून बोटीत बसलो. सूर्य नुकताच मावळला होता, पाणी तांब्याच्या रंगाचं. आईने चपला काढून पाय लांब केले. बोट पॉलिनेशियनच्या धक्क्याला लागली तेव्हा मशाली पेटलेल्या होत्या आणि वाऱ्याला ओल्या मातीचा आणि फुलांचा वास होता. “इथं बरं वाटतंय,” आई म्हणाली. मला पहाटेपासून ते वाक्य हवं होतं.

शनिवार

पॉलिनेशियनमध्ये बहुतेक खोल्या लांब, बैठ्या इमारतींत आहेत आणि त्यांना पॅसिफिकमधल्या बेटांची नावं. सामोआ, फिजी, टोंगा. मधल्या मोठ्या इमारतीत लॉबी, खाणं आणि मोनोरेलचं स्टेशन. आमची खोली तिथून तीन मिनिटांवर होती. आई स्कूटर न घेता चहाला गेली आणि एकटी परत आली. लॉजमध्ये ती एकटी खोलीबाहेर पडली नव्हती. हा फरक मला त्या सकाळी पहिल्यांदा जाणवला आणि मन जरा खालीवर झालं.

न्याहारीला टोंगा टोस्ट घेतला. आंबट पावाच्या जाड तुकड्यात केळं भरून तळलेला, वर दालचिनीची साखर. एक दोघांना पुरतो. सईने बरोबर अर्धा खाल्ला आणि उरलेला बाबांनी. दुपारी डोल व्हिप, म्हणजे अननसाचं मऊ आइस्क्रीम, सावलीत, पायाशी वाळू. पाण्यात उतरायला मात्र परवानगी नाही. फ्लोरिडाचं तळं म्हटलं की मगरी आल्या. पोहायला वेगळे तलाव आहेत, त्यातल्या ज्वालामुखीच्या तलावातून सई निघायलाच तयार नव्हती.

मोनोरेलने मॅजिक किंगडमला जाताना मधे फक्त ग्रँड फ्लोरिडियन लागतं. येताना फेरी लांबची पडते, तेव्हा परतीला बोट बरी. एपकॉट या दुसऱ्या पार्कला जायचं तर शेजारच्या मोठ्या स्टेशनापर्यंत चालत जा आणि तिथून एपकॉटची मोनोरेल घ्या, गाडी बदलण्याचा वेळ वाचतो. स्टेशनांवरचे उतार बरेच तीव्र आहेत. व्हीलचेअर ढकलणारा माणूस धडधाकट हवा.

बाबा इथे गप्प होते. दुपारी मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांना त्या तळ्याची गोष्ट सांगितली. सेव्हन सीज लगून हे नैसर्गिक तळं नाही, खोदलेलं आहे. ही सगळी जमीन दलदलीची, जरा खणलं की पाणी. म्हणून मॅजिक किंगडमखालचे कर्मचाऱ्यांचे बोगदे खाली खणलेच नाहीत. ते जमिनीच्या पातळीवर बांधले, तळ्यातून निघालेली माती त्यांच्याभोवती आणि वर टाकली आणि पार्क त्या भरावावर उभं केलं. पाहुणे चालतात तो खरं तर दुसरा मजला. दलदलीचा निचरा करायला जे कालवे काढले, त्यांचे दरवाजे पाण्याची पातळी चढली की तरंगत्या भागाने आपोआप उघडतात, वीज लागत नाही.

बाबा सरळ बसले. “भराव दबला नसंल? किती वर्षं झाली?” पन्नासच्या वर, म्हटलं. मग त्यांनी किती उंचीचा भराव, माती कसली, चिकण की वाळू, असे प्रश्न सुरू केले आणि मला अर्ध्याअधिकांची उत्तरं देता आली नाहीत. संध्याकाळपर्यंत ते तळ्याच्या काठाकाठाने फिरत होते. दुष्काळी भागात पाणी आणण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते माणसाने पाणी बाजूला सारून वसवलेल्या गावात फिरत होते. मला त्यांचा फोटो काढायचा होता, पण पाठीमागूनच काढला.

रात्री आठला किनाऱ्यावर आरामखुर्च्या धरल्या. पाण्यापलीकडे किल्ल्यावर आतषबाजी, आणि इकडे स्पीकरवर तिचंच संगीत. पार्कमधली धक्काबुक्की नाही, मुलाला खांद्यावर घ्यायला नको. नऊच्या सुमारास दिव्यांचे तराफे आले, दोन रांगांत मिळून चौदा. त्यांवर देवमासा, कासव, समुद्रसर्प, सगळे दिव्यांचे. १९७१ पासून ही मिरवणूक तळ्यातून फिरते आहे. आईने सईला मांडीवर घेतलं होतं. “गणपती विसर्जनाच्या होड्या ना गं?” ती म्हणाली. सई झोपेत “हो” म्हणाली.

रविवार

विमान दुपारचं. न्याहारीला कुठे जायचं विचारलं तर बाबा म्हणाले, “त्या पहिल्या हॉटेलात जाऊ या का?” लॉजमध्ये राहत नसलात तरी जेवायला कुणालाही जाता येतं आणि मग मागच्या खडकांवरून प्राणी हवे तेवढे बघत बसता येतं. ज्यांना पॉलिनेशियनच सोयीचं आहे, त्यांनी निदान एक सकाळ अशी काढावीच. बोमात नशिबाने जागा मिळाली. सामान टॅक्सीत घालून गेलो.

टॅक्सीत मी सगळ्यांना विचारलं, पुन्हा यायचं तर कुठे? आई म्हणाली, पॉलिनेशियन. नवराही पॉलिनेशियन. सईने दोन्ही बोटं वर केली. बाबा खिडकीबाहेर बघत होते. माझं मत सांगते: लहान मुलं आणि मॅजिक किंगडम हाच सहलीचा गाभा असेल, किंवा बरोबरच्या माणसाला चालणं अवघड असेल, तर पॉलिनेशियनवर डोळे झाकून पैसे घाला. पण मोठी माणसं पार्कमध्ये रोज येणार नसतील, निम्मा दिवस हॉटेलातच काढणार असतील, तर त्यांना लॉज द्या. लॉबीजवळची खोली आणि सव्हानाची बाल्कनी, दोन्ही मिळवा. मी पुढच्या वेळी तेच करणार आहे, आणि आईची स्कूटर दोन दिवस आधी मागवणार आहे. डिस्ने व्हेकेशन क्लब या डिस्नेच्या मालकी योजनेतल्या सभासदांकडून त्यांचे पॉइंट्स (ज्यांवर ते खोल्या घेतात) भाड्याने घेतले तर हीच हॉटेलं बरीच स्वस्त पडतात. रद्द करता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवायचं.

बोमात मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पॅप होता. बाबांनी एक चमचा खाल्ला आणि म्हणाले, “कण्याच की.” जेवण उरकून खडकांवर गेलो. तो बोट्स्वानाचा मुलगा तिथेच होता. बाबांनी त्याला पॅपबद्दल विचारलं. त्याने सांगितलं, मका आता सगळीकडे आहे, पण त्याची आजी अजून बोगोबे हा तसाच पॅप करते, माबेलेचा. आणि आंबवून केला तर त्याला टिंग म्हणतात. माबेले म्हणजे काय, हे त्याने फोनवर चित्र काढून दाखवलं.

ज्वारी होती. टपोरी, पांढरी कणसं.

बाबांनी आपला फोन काढला. चुलतभावाने आदल्या रात्रीच आटपाडीच्या रानाचा व्हिडिओ पाठवला होता. त्या मुलाने तो दोनदा पाहिला. मग विचारलं, “यंदा पाऊस झाला?” म्हणताना त्याने ‘पुला’ हाच शब्द वापरला.

बाबांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मराठीतच सांगितलं, “झाला की. शाळू एवढा आलाय.”